विश्लेषण : मुंबईतल्या मुक्या जनावरांच्या चाऱ्याची सोय कोणी लावली? जमशेटजी जीजीभाई, कुत्र्यांची दंगल आणि पांजरपोळचा ‘लागा’

सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री उचलून निवारागृहांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तो सौम्य केला आणि ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानकांच्या आवारातील कुत्री हलवून निवारागृहांत ठेवण्यास सांगितले. तेव्हापासून महानगरांत आणि कोडोलीसारख्या मोठ्या गावांतही एकच प्रश्न विचारला जातो. इतकी जनावरे ठेवायची कुठे आणि त्यांच्या खाण्यापिण्याचा खर्च करायचा कोणी? हा प्रश्न मुंबईला १८३२ मध्येच पडला होता. त्याचे उत्तर शोधणाऱ्यांत सर जमशेटजी जीजीभाई पुढे होते. जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कला महाविद्यालयामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले, पण त्यांनी उभ्या केलेल्या जनावरांच्या आश्रयस्थानाची गोष्ट तितकी ठाऊक नाही.

जमशेटजी जीजीभाई कोण होते?

जमशेटजींचा जन्म १७८३ मधला. घराणे मूळचे नवसारीकडचे, पारशी आणि बेताच्या परिस्थितीतले. सोळाव्या वर्षाच्या आसपास आई-वडिलांचे छत्र हरपले आणि ते मुंबईत रिकाम्या बाटल्यांचा व्यापार करणाऱ्या फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला यांच्याकडे कामाला लागले. पुढे त्यांचीच मुलगी आवाबाई हिच्याशी त्यांचा विवाह झाला. शिक्षण जेमतेम, पण हिशेब पक्का. विशीच्या आतच त्यांनी चीनची पहिली सफर केली. १८०५ मधल्या सफरीत त्यांचे ‘ब्रन्सविक’ हे जहाज फ्रेंचांनी पकडले आणि त्यांना आफ्रिकेच्या टोकापर्यंत नेले. याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा डॉक्टर होता. पुढे जार्डिन चीनच्या व्यापारातला बडा असामी झाला आणि ही ओळख जमशेटजींच्या भरभराटीचा पाया ठरली.

त्यांची संपत्ती प्रामुख्याने कापूस आणि अफू यांच्या व्यापारातून आली, हे लपवण्याचे कारण नाही. ज्या अफूने चीनमधली घरे उद्ध्वस्त केली, तिच्याच नफ्यातून मुंबईत रुग्णालये आणि शाळा उभ्या राहिल्या. त्यांच्या दानशूरतेचा विचार करताना ही विसंगती सोबत ठेवावीच लागते.

१८३२ मध्ये नेमके काय घडले?

पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भीतीने मुंबईत उन्हाळ्याच्या ठरावीक काळात भटकी कुत्री मारण्याची परवानगी होती. प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने मारेकरी घरांच्या दारापर्यंत येऊ लागले. ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या पवित्र दिवशी, फोर्ट भागात अशीच मोहीम सुरू झाली आणि संतापलेल्या जमावाने शिपायांवर हल्ला केला. पारशी धर्मात कुत्र्याला मानाचे स्थान आहे. मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवण्याचा विधी त्यांच्या अंत्यसंस्काराचा भाग आहे. दुसऱ्या दिवशी हिंदू, जैन आणि काही मुस्लीम व्यापारीही संपात उतरले. दुकाने बंद झाली, कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारी रसद अडली. अखेर सैन्य बोलवावे लागले आणि धरपकड झाली.

त्यानंतर शहरातल्या शेटियांनी मध्यस्थी केली. कुत्री मारू नयेत, शहराबाहेर न्यावीत असा तोडगा पुढे आला. पण नेलेल्या कुत्र्यांना खायला कोण घालणार, हा पेच तसाच राहिला. सरकार त्यासाठी पैसा देणार नव्हते आणि कुत्री मारणे लोकांना चालणार नव्हते.

पांजरपोळ कशी उभी राहिली?

१८ ऑक्टोबर १८३४ रोजी मुंबईत पांजरपोळ संस्था सुरू झाली. जमशेटजींच्या बरोबर जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशा शेठ होते. दोघे व्यापारातले भागीदार, पण धर्म वेगळे. जैनांची जीवदया आणि पारशांची कुत्र्यांविषयीची आस्था इथे एकत्र आली. सध्याच्या सी. पी. टँक-भुलेश्वर भागात, तेव्हाच्या वस्तीच्या कडेला, ही जागा झाली. कुत्र्यांबरोबर भाकड गाई, म्हातारे बैल, लंगडे घोडे, पक्षीही तिथे येऊ लागले. मुळात गुजरातेत अशा संस्था जुन्या होत्या. व्यापारी ही प्रथा मुंबईत घेऊन आले.

‘लागा’ म्हणजे काय?

जमशेटजींचे या कामातले खरे महत्त्व इथे आहे. त्यांनी आणि मोतीशांनी स्वतःची मोठी रक्कम घातलीच, पण तेवढ्यावर संस्था सोडली नाही. इमारत एकदा बांधली की झाली, चारा मात्र रोज लागतो. म्हणून व्यापाऱ्यांनी आपसांत ठरवून कापूस, अफू, साखर अशा मालाच्या व्यवहारावर छोटीशी रक्कम पांजरपोळसाठी बाजूला काढायला सुरुवात केली. हाच ‘लागा’. शेतमालाच्या पट्टीत हमाली, तोलाई कापली जाते, ते कोल्हापूर भागातल्या शेतकऱ्याला नवे नाही. लागा त्याच धर्तीचा होता. फरक इतकाच की तो कायद्याने नव्हे, तर व्यापाऱ्यांच्या शब्दावर चाले.

याचा फायदा सरळ होता. एका शेटजीची मर्जी फिरली किंवा तो वारला, तरी उत्पन्न थांबत नव्हते. मोतीशा १८३६ मध्येच वारले, पण संस्था चालू राहिली. पुढे मालमत्तेच्या भाड्याचीही जोड मिळाली. दोषही होता. असा खर्च शेवटी मालाच्या भावातच मिसळतो, म्हणजे त्याचा काही भार शेतकऱ्यावर आणि गिऱ्हाइकावरही पडतो. शिवाय व्यापार मंदावला की लागाही आटणार, हे उघड होते.

गर्दी झाली तेव्हा काय झाले?

पांजरपोळ जनावर नाकारत नव्हती आणि मारतही नव्हती. त्यामुळे आत येणाऱ्यांची संख्या कायम जास्त. एकोणिसाव्या शतकात मुंबईला आलेल्या अनेक युरोपीय प्रवाशांनी तिथली दाटी आणि उपचाराविना खितपत पडलेली जनावरे पाहून टीका केली. त्यात परक्यांचा पूर्वग्रह होता, पण मुद्दा अगदीच खोटा नव्हता. जीव वाचवणे आणि जीव सुखाने जगवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरीला डॉक्टर आणि मोकळी जागा लागते.

जागेचे उत्तर शहराबाहेर शोधले गेले. कल्याणकडच्या रायते येथे आणि चेंबूर भागात संस्थेच्या शाखा झाल्या. चेंबूरजवळ पूर्व मुक्त मार्गावर ‘पांजरपोळ’ हे नाव आजही वाचायला मिळते. उपचाराची उणीव भरून काढली ती दुसऱ्या एका पारशी दानशूराने. १८७४ मध्ये मुंबईत प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्था स्थापन झाली आणि सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई पशुरुग्णालय उभे राहिले. त्याच आवारात १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

जमशेटजींचे इतर कार्य कोणते?

१८२२ मध्ये त्यांनी कर्जापायी तुरुंगात पडलेल्या गरिबांची देणी फेडून त्यांना सोडवले. माहीमची खाडी ओलांडताना होड्या बुडत, तरी पूल बांधायला सरकार तयार नव्हते. तेव्हा आवाबाईंनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले, अट एकच, टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये हा माहीम कॉजवे आणि जे. जे. रुग्णालय दोन्ही सुरू झाले. पुण्यात मुळा-मुठेवरच्या बंधाऱ्यालाही त्यांनी पैसा दिला. १८५७ मध्ये कला शाळा उघडली. कोल्हापूरचे थोर चित्रकार आबालाल रहिमान पुढे तिथेच शिकले. १८४२ मध्ये ‘सर’ आणि १८५७ मध्ये ‘बॅरोनेट’ हे किताब मिळवणारे ते पहिले भारतीय. १४ एप्रिल १८५९ रोजी त्यांचे निधन झाले.

आज यातून काय घ्यावे?

समजा एखाद्या गावाने १०० कुत्र्यांचे निवारागृह काढले आणि एका कुत्र्यामागे दिवसाला ५० रुपये धरले, तर वर्षाला १८ लाख २५ हजार रुपये केवळ खाण्यावर आणि देखभालीवर जातील. शेड बांधायला निधी मिळेल, आमदार फीत कापतील. अडचण सुरू होते ती दुसऱ्या वर्षी. राज्य सरकारने २०२४ मध्ये गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन ५० रुपये अनुदान जाहीर केले, त्यामागचे तत्त्व नित्य खर्चाला नित्य पैसा हेच आहे. कुत्र्यांच्या बाबतीत २०२३ च्या नियमांनी नसबंदीची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली आहे, म्हणजे महापालिकेबरोबर ग्रामपंचायतीवरही. नसबंदी झाली नाही, तर कितीही मोठे निवारागृह भरून जाईल.

कोल्हापुरातही उद्यमनगराजवळच्या एका भागाला पांजरपोळ म्हणतात. कुत्र्यांच्या दंगलीतून जन्मलेल्या मुंबईच्या पांजरपोळमध्ये आज मुख्यतः गाई दिसतात, कुत्री पुन्हा रस्त्यावर आली आहेत. जमशेटजींनी लाखो रुपये दिले. पण त्यांची पांजरपोळ त्यांच्यामागे टिकली ती प्रत्येक व्यवहारातून निघणाऱ्या थोड्या थोड्या पैशांवर. निवारागृह काढायला निघालेल्या प्रत्येक पालिकेने आणि ग्रामपंचायतीने जागा पाहण्याआधी असा आटणार नाही तो झरा कोणता, हे ठरवायला हवे.