पिठाच्या वजनापासून न्यूयॉर्कपर्यंत : डॉ. भिसे

यंदा आमच्या कोथरूडच्या मेसचा हिशेब माझ्या गळ्यात पडला आणि एक गंमत कळली. तेलाचे दोन डबे, भाव जवळपास सारखाच, पण एकावर १५ लिटर आणि दुसऱ्यावर १५ किलो! खाद्यतेलाची घनता साधारण ०.९१, म्हणजे १५ लिटरमध्ये तेल १३.६५ किलोच. जवळजवळ १ किलो ३५० ग्रॅमचा फरक. दुधाचं उलटं, १ लिटर भरतं १.०३ किलो. मध तर १.४ किलोच्या आसपास. तरी द्रवांचं बरं, घनता माहीत असली की गुणाकार केला, झालं काम. पीठ मात्र महा चावट. डबा जरा आपटला की त्यातच आणखी दोन मुठी मावतात. तिथे मापावरून वजन काढणार कसं?

या पिठाच्या वजनानेच एका मराठी माणसाला लंडन दाखवलं. शंकर आबाजी भिसे, जन्म १८६७, मुंबई. आमच्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकांत एडिसन होता, हे ‘भारतीय एडिसन’ काही नव्हते.

भिसे लहानपणापासून खटपटे. चौदाव्या वर्षी घरीच कोळशापासून गॅस काढायचं उपकरण केलं म्हणे! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या एका मासिकाने स्पर्धा लावली. साखर, पीठ असला किराणा आपोआप वजन करून देणारं यंत्र हवं होतं. नुसतं माप भरून ओतणारं यंत्र करणं त्या मानाने सोपं, पण गिऱ्हाईक पैसे मोजतं ते वजनाचे. भिसेंनी मुंबईहून आराखडा पाठवला आणि तिथल्या लोकांना मागे टाकून बक्षीस मिळवलं.

मग ते लंडनला गेले. दादाभाई नौरोजींनी पाठबळ दिलं. शोधांना तोटा नव्हता, तोटा होता पैशाचा, आणि मला वाटतं त्यांच्या आयुष्यातलं खरं अवघड गणित तेच. १९०८ मध्ये पैसे संपल्यावर ते भारतात परत यायला निघाले. बोटीवर भेटले कोण, तर आपल्या पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले! त्यांनी शब्द टाकला, सर रतन टाटांनी भांडवल दिलं आणि १९१० मध्ये टाटा-भिसे सिंडिकेट उभं राहिलं. छपाईचे खिळे भराभर ओतणाऱ्या यंत्रावर भिसेंनी वर्षानुवर्षं घालवली. यंत्र उत्तम, पण सिंडिकेटला त्यातून पैसा काही मिळाला नाही.

शेवटी ते अमेरिकेत गेले. तिथे नाव आणि पैसा झाला तो यंत्रापेक्षा औषधाने. ॲटोमिडीन, आयोडीनचं द्रव औषध. जन्मभर लोखंडाशी झटापट केलेल्या माणसाला हात दिला तो थेंबांनी मोजायच्या बाटलीने! साधारण २०० शोध आणि ४० च्या आसपास पेटंट त्यांच्या नावावर सांगतात. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते वारले.