चिंतामणराव देशमुख

राष्ट्रपतिपद हे आपल्या देशातील सर्वोच्च पद आहे. या पदावर बहुतेक वेळा राजकारणात मुरलेली माणसे बसली आहेत. पण ज्याचे आयुष्य पक्षाच्या कामात गेले नाही, असा विद्वान माणूस ही निवडणूक जिंकू शकेल का? १९६९ साली महाराष्ट्राचा एक सुपुत्र या निवडणुकीला उभा राहिला होता. त्यांचे नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. सारा देश त्यांना सी. डी. देशमुख म्हणून ओळखत असे.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळील नाते या गावी झाला. त्यांचे वडील वकील होते. चिंतामणराव लहानपणापासून अतिशय बुद्धिमान होते. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. संस्कृत विषयाची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांना मिळाली. पुढील शिक्षणासाठी ते इंग्लंडला केंब्रिज येथे गेले. तेथे त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगर्भशास्त्र या विषयांचा अभ्यास केला. त्या काळी आय.सी.एस. ही सरकारी नोकरीची सर्वांत कठीण परीक्षा समजली जाई. ती लंडनमध्ये होत असे. १९१८ साली चिंतामणराव या परीक्षेतही पहिले आले.

भारतात परतल्यावर त्यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडात अनेक वर्षे अधिकारी म्हणून काम केले. १९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले. १९४३ साली ते या बँकेचे गव्हर्नर झाले. या पदावर बसणारे ते पहिले भारतीय होत. १९४४ साली अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे अनेक देशांची परिषद भरली. जागतिक बँक व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या संस्थांचा पाया तेथे घातला गेला. त्या परिषदेत चिंतामणरावांनी भारताची बाजू मांडली. फाळणीनंतर पैशाच्या व्यवहाराचा मोठा प्रश्न उभा राहिला. तेव्हा ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँकेने भारताबरोबर पाकिस्तानच्या चलनाचेही काम पाहिले. हे अवघड काम चिंतामणरावांच्या देखरेखीखाली पार पडले.

१९५० साली पंडित नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केले. १९५२ साली ते कुलाबा मतदारसंघातून काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून आले. त्यांच्याच कारकिर्दीत १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. १९५६ साली आयुर्विम्याचा धंदाही सरकारने आपल्या हाती घेतला.

त्याच वर्षी त्यांच्या आयुष्यातील कसोटीचा क्षण आला. भाषेप्रमाणे राज्ये बनत होती. मुंबई शहर महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवावे, असा सरकारचा विचार होता. मुंबईपासून सोलापूरसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यापर्यंत मराठी माणसांच्या मनात असंतोष होता. चिंतामणरावांना हा निर्णय अन्यायाचा वाटला. त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. एवढे मोठे पद त्यांनी तत्त्वासाठी सोडले, म्हणून महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले.

यानंतर ते शिक्षणाच्या क्षेत्राकडे वळले. विद्यापीठ अनुदान मंडळाचे ते अध्यक्ष झाले. १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई याही थोर समाजसेविका होत्या. घटना समितीत त्यांनी काम केले होते.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले. नव्या राष्ट्रपतीची निवड करणे भाग पडले. काँग्रेसने नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी पदाचा राजीनामा देऊन अपक्ष म्हणून उभे राहिले. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावे, असे आवाहन केले. त्यामुळे काँग्रेसमध्ये फूट पडली. स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी चिंतामणरावांना उभे केले. तेव्हा त्यांचे वय ७३ वर्षांचे होते.

ही निवडणूक आपल्या नेहमीच्या निवडणुकीसारखी नसते. सोलापूरचा यंत्रमाग कामगार, विडी वळणारी बाई किंवा दुकानदार राष्ट्रपतीला थेट मत देत नाही. ते आमदार व खासदार निवडतात. मग ते आमदार व खासदार राष्ट्रपतीसाठी मत देतात. त्यांच्या मतांना ठरावीक मूल्य असते. २०२२ च्या निवडणुकीत महाराष्ट्रातील एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ होते, तर एका खासदाराच्या मताचे ७००. म्हणून लोकांमध्ये नाव असले, तरी तेवढ्याने भागत नाही. आमदार व खासदार आपल्या बाजूला असावे लागतात. मतपत्रिकेवर त्यांना उमेदवारांचा पसंतिक्रमही लिहिता येतो.

१६ ऑगस्ट १९६९ रोजी मतदान झाले. जिंकण्यासाठी ४,१८,१६९ मते हवी होती. पहिल्या पसंतीची गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि चिंतामणरावांना १,१२,७६९ मते मिळाली. कोणालाही पुरेशी मते नव्हती. मग कमी मते मिळालेले उमेदवार एकेक करून बाद झाले. शेवटी चिंतामणरावही बाद झाले. त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढील पसंती मोजली गेली. त्यातील बहुतेक मते रेड्डींना गेली. तरीही गिरी ४,२०,०७७ मते मिळवून विजयी झाले. रेड्डी ४,०५,४२७ मतांवर थांबले.

चिंतामणराव विद्वत्तेत कोणाहून कमी नव्हते. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल कोणाला शंका नव्हती. कमी पडले ते फक्त आमदार-खासदारांचे बळ. गिरी अपक्ष होते, पण काँग्रेसचा एक मोठा गट आणि इतर अनेक पक्ष त्यांच्या पाठीशी होते.

पुढे २००२ साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम राष्ट्रपती झाले. ते शास्त्रज्ञ होते, कोणत्याही पक्षाचे नव्हते. त्यांना ९,२२,८८४ मते मिळाली, कारण सत्ताधारी आघाडी आणि काँग्रेस या दोघांनीही त्यांना पाठिंबा दिला. यावरून असे दिसते, की बाहेरचा माणूस राष्ट्रपती होऊ शकतो, पण मोठ्या पक्षांनी त्याला आपला मानले तरच.

निवडणुकीतील पराभवाने चिंतामणराव खचले नाहीत. त्यांना संस्कृतची लहानपणापासून गोडी होती. कालिदासाच्या मेघदूताचे त्यांनी मराठीत भाषांतर केले होते. १९७४ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९७५ साली सरकारने त्यांना पद्मविभूषण हा किताब दिला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.

राष्ट्रपतिपद चिंतामणरावांना मिळाले नाही. पण एक मोठे पद त्यांनी स्वतःहून सोडले होते, ही गोष्ट महाराष्ट्र विसरला नाही.

स्वाध्याय

१. चिंतामणरावांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा का दिला?
२. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत कोण मतदान करतात?
३. चिंतामणराव निवडणूक का हरले व डॉ. कलाम का जिंकले, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. वाक्यांत उपयोग करा : डोक्यावर घेणे, खचून न जाणे, पाठीशी असणे.