तीन वेळा हरलेला भाविक

विल्यम जेनिंग्ज ब्रायनचे नाव आज निघालेच तर चेष्टेने निघते. शाळेत डार्विन शिकवू नये म्हणून न्यायालयात उभा राहिलेला म्हातारा, एवढीच त्याची ओळख उरली आहे. माझे आयुष्य बँकेत गेले. त्यामुळे माझी त्याच्याशी गाठ पडली ती वेगळ्या वाटेने, चलनाच्या इतिहासातून.

१८६० साली इलिनॉय राज्यातल्या सेलम गावी, एका धार्मिक घरात तो जन्मला. वकील झाला आणि १८८७ मध्ये नेब्रास्कात गेला. तिथला शेतकरी कर्जात रुतलेला होता. चलन सोन्याशी बांधलेले, पैसा तोकडा. धान्याचे भाव वर्षानुवर्षे घसरत होते आणि कर्जाचा आकडा मात्र तोच. काल शंभर पोत्यांत फिटणाऱ्या कर्जाला आज दीडशे पोती लागली, तर घरात काय होते हे पीककर्जाची खाती हाताळलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. चांदीचीही नाणी मुक्तपणे पाडा, ही ब्रायनची मागणी यातूनच आली.

जुलै १८९६ मध्ये, शिकागोच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात, छत्तीस वर्षांच्या ब्रायनने येशूचा क्रूस थेट अर्थकारणात आणला. कष्टकऱ्याला ज्यावर खिळले जात होते तो क्रूस त्याने सोन्याचा ठरवला. सभागृह वेडे झाले आणि अध्यक्षपदाची उमेदवारी त्याच्याकडे चालत आली. तो हरला. १९०० मध्ये हरला, १९०८ मध्येही हरला. पण त्याने लावून धरलेला आयकर, सिनेटरांची थेट निवडणूक, दारूबंदी आणि स्त्रियांचा मताधिकार हे सारे १९१३ ते १९२० या काळात राज्यघटनेत आले.

१९०६ मध्ये हिंदुस्थान पाहिल्यावर त्याने इंग्रजी राजवटीवर कडक टीका लिहिली. १९१३ मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्यावर मेजवानीत मद्याऐवजी द्राक्षांचा रस ठेवला. लोक हसले. १९१५ मध्ये, विल्सनच्या जर्मनीविषयीच्या धोरणाने देश युद्धात ओढला जाईल असे वाटताच, त्याने राजीनामा दिला.

त्याच्या करुणेला कुंपण होते. कृष्णवर्णीयांपर्यंत ती पोचली नाही. १९२४ च्या अधिवेशनात कू क्लक्स क्लॅनचा नाव घेऊन निषेध करायला त्याने विरोध केला.

आणि मग जुलै १९२५, टेनेसीतले डेटन गाव. स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांतिवाद शिकवल्याचा खटला होता. बलवान तेवढा टिकतो, या शिकवणीतून धनदांडग्यांना गरीब चिरडण्याचा परवाना मिळेल, अशी ब्रायनची धास्ती होती. धास्ती खोटी नव्हती. पण तिचे खापर त्याने विज्ञानावर फोडले. बचावाचे वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी त्यालाच साक्षीला उभे केले आणि बायबलवर प्रश्न विचारून त्याची दमछाक केली. स्कोप्सला १०० डॉलर दंड झाला. पाचच दिवसांनी, रविवारी दुपारी, ब्रायन झोपला तो उठलाच नाही.

कर्जदाराच्या बाजूने उभी राहिलेली आणि डेटनच्या कोर्टात हरलेली श्रद्धा एकच होती. तिच्या खात्यातली नावे बाजू मोठी आहे, हे मला मान्य आहे. पण जमेची बाजू खोडून कुठलेही खाते बंद करता येत नाही.