कार्व्हर यांची चूल

वीणा गवाणकर यांचं ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक १९८१ साली आलं आणि मराठी घरांत असं रुळलं, की डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव आता आपल्याला परकं वाटत नाही. पुस्तक वाचलेल्या कुणालाही विचारा, भुईमुगापासून शेकडो वस्तू करणारा शास्त्रज्ञ, असं उत्तर येईल. उत्तर खरं आहे, पण अर्धं. कार्व्हर आधी स्वयंपाकी होते, मग शास्त्रज्ञ झाले. त्यांच्या कामातला मोठा भाग गरिबाच्या चुलीसाठी होता. त्या चुलीवर होती रताळी, शेंगा आणि चवळी. म्हणजे आपल्या कडोली भागातल्या पोराला जे रोज डोळ्यांसमोर दिसतं, तेच!

आज ही गोष्ट सांगायला एक कारणही आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीयांचं पारंपरिक जेवण ‘सोल फूड’ या नावानं ओळखलं जातं. हे जेवण पूर्ण वनस्पतिजन्य, म्हणजे व्हीगन पद्धतीनं करणारे स्वयंपाकी तिकडं आता पुष्कळ आहेत. काहींना ते नवं फॅड वाटतं. कार्व्हर यांचं आयुष्य नीट पाहिलं, तर त्याची मुळं फार जुनी आहेत हे कळतं.

सोल फूड म्हणजे काय, ते थोडक्यात. गुलामगिरीच्या काळात मळ्याचा मालक गुलामांना आठवड्याचा शिधा मोजून द्यायचा. मक्याचं पीठ, डुकराची खारवलेली चरबी आणि थोडी काकवी. यावर दिवसभर राबणारं माणूस कसं जगणार? मग झोपडीमागच्या तुकड्यात बायका काहीबाही लावायच्या. चवळी आणि भेंडी ही मुळात आफ्रिकेतली. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला, पण तो गुलामांच्या जहाजांबरोबर आफ्रिकेतून इकडं पोचला. त्यात रताळी आणि पालेभाज्या. पालेभाजी डुकराच्या हाडाबरोबर तासन्‌तास शिजवायची, सोबत मक्याची भाकर. पुढं १९६० च्या दशकात या जेवणाला सोल फूड हे अभिमानाचं नाव मिळालं.

जॉर्जचा जन्म याच गुलामीत झाला, १८६४ च्या आसपास, मिसूरी राज्यातल्या डायमंड या गावाजवळ. गुलामाच्या पोराची जन्मतारीख कोण लिहून ठेवतो? मालकाचं नाव मोझेस कार्व्हर, आईचं नाव मेरी. जॉर्ज तान्हा असताना दरोडेखोरांनी आई आणि लेकराला पळवून नेलं. मोझेसनं शोधायला माणूस पाठवला. पोर परत मिळालं, आई कायमची गेली. एक घोडा देऊन जॉर्जला सोडवून आणलं, असं सांगतात.

पोर अशक्त होतं, सारखं खोकायचं. शेतातलं जड काम त्याला झेपेना. म्हणून मालकीणबाई सुझन यांनी त्याला घरातच ठेवून घेतलं. रांधणं, धुणं, शिवणं, विणणं, सगळं शिकवलं. अक्षरओळखही त्यांनीच करून दिली. मुलग्यानं चुलीपाशी बसायचं, हे तेव्हा कमीपणाचंच होतं. जॉर्जला मात्र याच कामांनी पुढं आयुष्यभर पोसलं.

शिकायची ओढ होती, पण गावच्या शाळेत काळ्या मुलाला जागा नव्हती. म्हणून लहान वयातच तो निओशो गावी चालत गेला. तिथं मारिया वॉटकिन्स या बाईंनी त्याला आसरा दिला. त्या दाईपण करायच्या, लोकांचे कपडे धुवायच्या आणि रानातल्या औषधी पाल्याची त्यांना पक्की माहिती होती. त्यांनी जॉर्जला बायबल दिलं. ते त्यानं मरेपर्यंत जपलं. रानभाजी कुठली, विषारी पाला कुठला, हे शिक्षणही बहुधा तिथूनच सुरू झालं असावं.

पुढची वर्षं कॅन्सस राज्यात भटकण्यात गेली. कुणाच्या स्वयंपाकघरात राबायचं, कुणाचे कपडे इस्त्री करायचे आणि शाळा गाठायची. हायलँडच्या कॉलेजानं पत्रावरून प्रवेश दिला, पण पोरगा प्रत्यक्ष दारात उभा राहिल्यावर त्याचा रंग पाहून परत पाठवलं. आपल्यापैकी कितीतरी जण पहिल्यांदा कॉलेजच्या दारात आलो तेव्हा पोटात गोळा होता. ते दार तोंडावर बंद झालं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करून बघा. जॉर्जनं काही वर्षं शेती केली आणि १८९० मध्ये आयोवातल्या सिम्प्सन कॉलेजात नाव घातलं. हे मेथडिस्ट ख्रिस्ती लोकांनी चालवलेलं कॉलेज. तिथं तो चित्रकला आणि पियानो शिकला आणि इतरांचे कपडे धुऊन पोट भरलं. त्याच्या चित्रकलेच्या बाईंनीच त्याला शेतीशास्त्राकडं वळवलं. आयोवाच्या शेती महाविद्यालयातला तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. १८९४ ला पदवी, १८९६ ला एम. एस., आणि तिथंच अध्यापक. इथून पुढं त्यांना अहोजाहो करायला हवं.

त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांचं बोलावणं आलं. अलाबामा राज्यात टस्कीगी इथं त्यांनी कृष्णवर्णीयांसाठी संस्था उभी केली होती. कार्व्हर आयोवातली सुखाची नोकरी सोडून तिथं गेले आणि पुढची ४७ वर्षं तिथंच राहिले. प्रयोगशाळा म्हणून काही नव्हतंच. विद्यार्थ्यांनी उकिरड्यावरनं बाटल्या, बरण्या, डबे वेचून आणले आणि त्यातून काम सुरू झालं.

भोवतालची परिस्थिती वाईट होती. गुलामगिरी कायद्यानं संपली होती, पण शेतकरी दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं कापूस पिकवत होता आणि दुकानदाराच्या उधारीत बुडालेला होता. कापूस अगदी दारापर्यंत लावलेला, भाजीला वीतभर जागा नाही. खायला तोच जुना शिधा, मका, चरबी आणि काकवी, तोही उधारीवर. अशा जेवणानं पेलाग्रा नावाचा रोग पसरला. कातडी काळवंडून सोलायची, जुलाब व्हायचे, शेवटी माणसाला भ्रम व्हायचा. नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळं तो होतो, हे पुढं १९३० च्या दशकात स्पष्ट झालं. आपल्याकडंही नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनच्या मजुरांत हा रोग आढळला होता. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं. भाकरीबरोबर शेंगाची चटणी खाणाऱ्या आपल्या आज्यांना हे शास्त्र माहीत नव्हतं, पण जोडी बरोबर जमली होती.

कार्व्हर यांनी शेतकऱ्यांना पहिली गोष्ट सांगितली ती फेरपालटीची. कापसानं जमीन खंगलीय, तर चवळी लावा, भुईमूग लावा. त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. आपले शेतकरी भुईमुगाचा बेवड चांगला म्हणतात, ते हेच. पण चवळी आणि शेंगा पिकवून करायचं काय? बाजार तर कापसाचा. तेव्हा कार्व्हर यांनी उत्तर स्वयंपाकघरात शोधलं. पीक आधी घरच्यांच्या पोटात जाऊ दे, उरलं तर बाजार.

म्हणून त्यांनी छोट्या पुस्तिका लिहायला घेतल्या. अशा चाळीसहून अधिक पुस्तिका त्यांच्या नावावर आहेत. भाषा इतकी सोपी, की जेमतेम वाचता येणाऱ्या बाईलाही समजावी. १९१६ ची भुईमुगावरची पुस्तिका सगळ्यांत गाजली. त्यात लागवड आणि खाण्याचे १०५ प्रकार आहेत. टोमॅटोचे ११५ प्रकार वेगळे, रताळ्यांची पुस्तिका वेगळी. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी १९०६ साली जेसप वॅगन नावाची गाडी निघाली. अवजारं, बियाणं आणि नमुने भरलेली ती घोडागाडी खेड्याखेड्यांत फिरायची आणि लोकांसमोर प्रत्यक्ष करून दाखवायची. शाळाच शेतकऱ्याच्या बांधावर गेली, म्हणा ना.

भुईमुगाच्या पुस्तिकेतली एक पाककृती आपल्यासाठी मुद्दाम सांगतो, नकली कोंबडीची. शेंगदाणे तेल सुटेपर्यंत वाटायचे. त्यात फेटलेलं अंडं आणि मीठ घालायचं, पातळ झालं तर पावाचा चुरा. उकडलेल्या रताळ्याच्या पातळ चकत्यांवर हे वाटण जाड थापायचं, अंड्याच्या पांढऱ्यात बुडवायचं आणि कोंबडीसारखा खरपूस रंग येईपर्यंत तळायचं. अंड्याऐवजी डाळीचं पीठ वापरलं, की झाली व्हीगन पाककृती. साहित्य सगळं कडोलीच्या कुठल्याही घरात सापडेल.

यात एक गंमत आहे. खऱ्या कोंबड्यांशी कार्व्हर यांचं कधीच जमलं नाही. संस्थेचा कोंबडीपालन विभाग त्यांच्याकडं होता आणि तो नीट चालेना. १९०४ मध्ये त्यांनी दिलेले अहवाल फुगवलेले आहेत, असा ठपका संस्थेच्या समितीनं ठेवला. त्यांनी राजीनाम्याची भाषा केली. वॉशिंग्टन यांच्याशी त्यांचे असे खटके पुष्कळदा उडाले. माणूस संत म्हणून सांगितला जातो, पण कागदपत्रांचा आळस आणि चटकन दुखावणारा स्वभाव त्यांच्यात होता.

दंतकथाही बाजूला काढायला हव्यात. शेंगदाण्याचं लोणी, म्हणजे पीनट बटर, त्यांनी शोधलेलं नाही. त्यांच्या शेकडो वस्तूंपैकी बाजारात फारच थोड्या टिकल्या. आणि ते मांसाच्या विरोधातही नव्हते. उन्हाळ्यात मांस खारवून कसं टिकवावं, यावर १९१२ साली त्यांचीच पुस्तिका निघाली आहे. त्यांच्या पाककृतींत दूध, लोणी, अंडी येतात. ज्याच्या घरात गाय नाही आणि मटण परवडत नाही, त्याचं ताट रिकामं राहू नये, ही त्यांची धडपड होती. म्हणून शेंगदाण्याचं दूध. पहिल्या महायुद्धात गव्हाची टंचाई झाली, तेव्हा टस्कीगीच्या भटारखान्यात गव्हाच्या पिठात रताळ्याचं पीठ मिसळून पाव भाजले गेले. त्या पिठाची चौकशी थेट वॉशिंग्टनच्या सरकारनं केली.

१९२१ मध्ये ते अमेरिकी संसदेच्या समितीपुढं भुईमुगाच्या आयातकराबद्दल बोलायला उभे राहिले. परदेशातून येणाऱ्या स्वस्त शेंगांनी इथला शेतकरी मरत होता. बोलायला दहा मिनिटं मिळाली. सुरुवातीला काही सदस्यांनी त्यांच्या रंगावरून टोमणे मारले. कार्व्हर यांनी पेटीतून एकेक पदार्थ काढून दाखवला आणि समिती वेळ वाढवत गेली. त्या दिवसानंतर देशभर त्यांचं नाव झालं.

नाव आपल्या देशातही पोचलं. मिशनरी सी. एफ. अँड्र्यूज १९२९ साली टस्कीगीला गेले होते. त्यांच्यामार्फत कार्व्हर आणि गांधीजी यांचा आहाराच्या विषयावर संबंध आला. गांधीजींनी दूध सोडायचं व्रत घेतलं होतं, आजारपणात शेळीच्या दुधाची सवलत घ्यावी लागली आणि ती त्यांना सतत टोचत राहिली. वनस्पतीपासून दूध करणाऱ्या माणसाशी त्यांचं जुळावं, यात नवल नाही.

कार्व्हर अखेरपर्यंत पहाटे चारला उठून रानात फिरत, तिथंच प्रार्थना करत. रविवारी संध्याकाळी विद्यार्थ्यांसाठी ऐच्छिक बायबल वर्ग घेत. खोली भरून जायची. लग्न केलं नाही. साठवलेले सुमारे ६०,००० डॉलर संशोधनासाठी देऊन टाकले. महायुद्धात, १९४२ मध्ये, त्यांची एक शेवटची पुस्तिका निघाली, ती रानभाज्यांवर. ५ जानेवारी १९४३ ला ते गेले. टस्कीगीत वॉशिंग्टन यांच्या शेजारीच त्यांना पुरलं आहे.

‘व्हीगन’ हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली जन्मला, म्हणजे कार्व्हर यांच्या मृत्यूनंतर. पुढं १९७३ मध्ये विनोदी नट आणि कार्यकर्ते डिक ग्रेगरी यांनी शाकाहारावर पुस्तक लिहून आपल्या समाजाला जुन्या तळकट, खारट जेवणाचे धोके सांगितले. २००९ साली ब्रायंट टेरी यांचं व्हीगन सोल फूडवरचं पाककृतींचं पुस्तक आलं. यावर तिकडं वादही होतो. डुकराचं हाड काढलं, तर आजी-पणजीची आठवण काढून टाकल्यासारखं नाही का? प्रश्न हलका नाही. चव ही आठवणच असते. पण कार्व्हर यांच्या आयुष्याकडं बघितलं तर एक उत्तर दिसतं. खारवलेली चरबी हा मालकानं मोजून दिलेला शिधा होता. चवळी, भेंडी, रताळं आणि पालेभाजी हे त्या आज्यांनी स्वतःच्या हातानं पिकवलेलं होतं. दोन्हीत आठवण आहे. आपलं म्हणून पुढं काय न्यायचं, ते नातवंडांनी ठरवायचं.

आपल्यालाही यातून घेण्यासारखं आहे. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातली रताळी ट्रकनं उत्तरेकडं जातात. उपवास आले की दर चढतो, आवक वाढली की पडतो आणि मग काढणीचा खर्चही निघत नाही. दुसरीकडं बांधापर्यंत ऊस आणि घरात भाजी बाजारातनं, असंही चित्र आहे. कापसाच्या जागी ऊस ठेवून बघा, कार्व्हर यांचा अलाबामा फार लांब वाटत नाही. रताळ्याचं पीठ, रताळ्याचा पाव, शेंगदाण्याचं दूध हे शंभर वर्षांपूर्वी एका गुलामाच्या पोरानं भंगारातल्या बरण्यांत करून दाखवलं. आपल्या कॉलेजांतल्या प्रयोगशाळा त्यापेक्षा नक्कीच बऱ्या आहेत. आणि स्वयंपाकघर तर प्रत्येकाच्या घरी आहे.