चित्रपटाशी वाद घालणारी गाणी

न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतून ऐटबाज मोटार फिरवणारा, लांब कोट घातलेला, कोकेनच्या धंद्यात मुरलेला एक देखणा कृष्णवर्णीय तरुण. शेवटचा एक मोठा सौदा करावा आणि या धंद्यातून कायमचे बाहेर पडावे, एवढीच त्याची इच्छा. ऑगस्ट १९७२ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या ‘सुपर फ्लाय’ या चित्रपटाची कथा ती एवढीच. गॉर्डन पार्क्स ज्युनियर या दिग्दर्शकाने तो पाच लाख डॉलरहूनही कमी खर्चात उभा केला होता. चित्रपटगृहांपुढे रांगा लागल्या. रॉन ओनील या अभिनेत्याने रंगवलेल्या ‘प्रीस्ट’ या नायकाच्या केशभूषेची आणि कोटाची नक्कल तरुणांत होऊ लागली. मात्र याच चित्रपटासाठी लिहिलेली गाणी त्या नायकाची आरती ओवाळायला तयार नव्हती. ती लिहिली, स्वरबद्ध केली आणि गायली होती तीस वर्षांच्या कर्टिस मेफिल्डने.

मेफिल्डचा जन्म ३ जून १९४२ रोजी शिकागोत झाला. तो लहान असतानाच वडील घर सोडून गेले. आईच्या तुटपुंज्या मिळकतीवर संसार चालायचा आणि बिऱ्हाड वारंवार हलायचे. अखेर हे कुटुंब शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी वसाहतीत येऊन स्थिरावले. दारिद्र्य आणि गुन्हेगारी यांमुळे पुढे देशभर कुप्रसिद्ध झालेल्या या वसाहतीतील शेवटचे उंच मनोरे २०११ मध्ये पाडण्यात आले. आईला कवितेची आवड होती. ती मुलांना कविता वाचून दाखवी. आजी एका छोट्या चर्चमध्ये धर्मोपदेशक होती. त्या चर्चच्या गायकवृंदात कर्टिसचा गळा तयार झाला. शाळा मात्र अर्धवटच सुटली.

गिटार तो कुणाकडे शिकला नाही. लहानपणी पियानोच्या काळ्या पट्ट्यांवर बोटे फिरवताना त्याला जो गोडवा सापडला होता, तोच त्याने गिटारमध्ये उतरवला आणि साऱ्या तारा काळ्या पट्ट्यांच्या स्वरांत जुळवल्या. काळी दोन, काळी पाच अशी भाषा पेटीमुळे ज्यांच्या कानावरून गेली आहे, त्यांना या उचापतीतली गंमत कळेल. हे वाद्य जुळवणे इतके त्याचे स्वतःचे होते, की दुसऱ्या वादकाने त्याची गिटार हाती घेतली तर तिच्यातून नेहमीचे सूर निघत नसत. आवाजही असाच वेगळा होता. त्या काळचे सोल गायक छाती फोडून गात असताना हा पातळ, उंच, जवळजवळ कुजबुजत्या स्वरात गाई. कडू शब्द अशा आवाजात आले की ऐकणारा बेसावध पकडला जातो. ‘सुपर फ्लाय’मध्ये हेच झाले.

चर्चमधील मित्र जेरी बटलर याच्यासह १९५८ मध्ये ‘द इम्प्रेशन्स’ या गायकसमूहाने पहिली यशस्वी तबकडी काढली. बटलर लवकरच स्वतंत्र झाला. समूह विस्कटला. मेफिल्डने बटलरसाठी गिटार वाजवून व गाणी लिहून पैसे साठवले, सहकाऱ्यांना पुन्हा एकत्र आणले आणि १९६१ मध्ये ‘जिप्सी वुमन’ या गाण्याने समूहाला दुसरा जन्म दिला. पुढे फ्रेड कॅश व सॅम गुडेन यांच्यासह या त्रयीने १९६४ मध्ये ‘कीप ऑन पुशिंग’ आणि १९६५ मध्ये ‘पीपल गेट रेडी’ ही गाणी दिली. नागरी हक्कांच्या चळवळीत ती मोर्चांतून आणि चर्चमधून गायली जाऊ लागली. भक्तिगीताचा साज आणि आतून हक्कांची मागणी, असे त्यांचे स्वरूप होते. ‘पीपल गेट रेडी’ पुढे जमैकाच्या बॉब मार्लीने आपल्या ‘वन लव्ह’मध्ये गुंफले. १९६७ च्या अखेरीस आलेले ‘वुई आर अ विनर’ मात्र इतके थेट होते, की काही रेडिओ केंद्रांनी ते वाजवण्यास नकार दिला.

या काळातील आणखी एक गोष्ट गाण्यांइतकीच महत्त्वाची आहे. गाण्याचे हक्क कंपनीच्या नावे लिहून देऊन किरकोळ रकमेवर समाधान मानणे, हे त्या काळी बहुतेक कृष्णवर्णीय कलावंतांच्या वाट्याला आलेले होते. सॅम कुकसारखे अपवाद मोजकेच. मेफिल्डने विशी ओलांडण्याच्या सुमारासच आपल्या गाण्यांचे हक्क स्वतःकडे ठेवण्याची व्यवस्था केली आणि १९६८ मध्ये एडी टॉमस या सहकाऱ्याबरोबर ‘कर्टम’ ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. कर्टिसमधला ‘कर्ट’ आणि टॉमसमधला ‘टॉम’ जोडून झालेले हे नाव. सारे काही आपल्याच मुठीत असावे, हा त्याचा स्वभाव होता आणि जवळच्या माणसांना तो जाचकही ठरला. मुलगा टॉड याने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात ही बाजू झाकलेली नाही. पण याच हट्टामुळे, एखाद्या निर्मात्याच्या मर्जीविरुद्ध लिहिण्याची ताकद त्याच्याकडे आली.

१९७० मध्ये समूह सोडून तो एकट्याने गाऊ लागला. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधील एका कार्यक्रमानंतर निर्माते सिग शोर आणि पटकथाकार फिलिप फेंटी यांनी ‘सुपर फ्लाय’ची संहिता त्याच्या हाती ठेवली. वाचताना त्याला ती आवडली. त्यातली माणसे त्याने कॅब्रिनी-ग्रीनच्या जिन्यांवर पाहिलेली होती. चित्रित झालेला भाग पाहिल्यावर मात्र त्याचे मन खट्टू झाले. पडद्यावर वारंवार, निवांतपणे कोकेन ओढले जात होते आणि हे सारे त्या पदार्थाची जाहिरात केल्यासारखे दिसत होते. मेफिल्डने काम सोडले नाही. गाण्यांतून दुसरी बाजू मांडायचे ठरवले.

‘फ्रेडीज डेड’ हे गाणे त्याचा सर्वांत चांगला दाखला आहे. फ्रेडी हे चित्रपटातील दुय्यम पात्र. धंद्यात ओढला गेलेला, मार खाऊन साथीदारांची नावे सांगून बसलेला हा माणूस पोलिसांच्या तावडीतून पळताना मोटारीखाली सापडून मरतो. कथा त्याला तिथेच सोडून पुढे धावते. मेफिल्ड थांबतो. या माणसाचा वापर कुणी केला आणि त्याच्या मरणाचे कुणाला काय वाटले, हा प्रश्न तो संपूर्ण गाणेभर विचारत राहतो. आपल्या चित्रपटांत गाणे प्रसंगाच्या सेवेला असते. इथे आख्यान थांबवून कीर्तनकाराने निरूपणाला उभे राहावे, तसे ते येते.

विचित्र योगायोग असा, की चित्रपटात या गाण्याची फक्त चाल वाजते, शब्द नाहीत. गाणे पडद्यावर गायले गेले नाही म्हणून ते ऑस्करच्या स्पर्धेस पात्र ठरले नाही. आदल्याच वर्षीच्या ‘शाफ्ट’साठी आयझॅक हेजला ऑस्कर मिळाले होते, हे लक्षात घेता ही हुकलेली संधी चुटपुट लावणारी आहे.

ध्वनिमुद्रिका जुलैमध्ये, म्हणजे चित्रपटाच्या आधी बाजारात आली. नऊ रचना, त्यांतील दोन केवळ वाद्यांच्या. वाद्यवृंदाची आखणी जॉनी पेट यांची. वाद्यरचनांचे श्रेय नेमके कुणाचे, यावरून पुढे दोघांत बिनसले. ‘मास्टर’ हेन्री गिब्सनचे काँगा आणि लकी स्कॉटचे बास गिटार यांनी धरलेला ठेका आजही ताजा वाटतो. ‘फ्रेडीज डेड’ बिलबोर्डच्या यादीत चौथ्या, तर शीर्षकगीत आठव्या क्रमांकापर्यंत गेले. संपूर्ण ध्वनिमुद्रिका चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. तिने चित्रपटापेक्षाही अधिक कमाई केली, असे सांगितले जाते.

चित्रपटाविरुद्ध तोवर काहूर उठले होते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांनी अशा चित्रपटांना ‘ब्लॅक्सप्लॉइटेशन’ म्हणून झोडपले. आपल्याच समाजाचे विद्रूप चित्र विकून पैसा करण्याचा हा धंदा आहे, असा त्यांचा आरोप होता. मेफिल्डची गाणी या आरोपातून पूर्णतः सुटतात, असे म्हणता येत नाही. ‘पुशरमन’ या गाण्यात तो नशा विकणाऱ्याच्याच तोंडून बोलतो. चित्रपटात कोकेनच्या व्यवहाराची स्थिरचित्रे एकामागून एक सरकताना मागे हेच गाणे वाजते. तेव्हा त्याचा ठेका इतका मोहक वाटतो, की त्यातला विखार ऐकू न येणेही शक्य आहे. पण एकटी ध्वनिमुद्रिका सलग ऐकली, पहिल्या गाण्यातील पोरक्या मुलापासून सुरुवात केली, की त्या विक्रेत्याकडे भाळून पाहता येत नाही. १९७३ मध्ये याच नायकाचा पुढचा चित्रपट आला. त्याला संगीत मेफिल्डचे नव्हते. तो चालला नाही.

त्यानंतर मेफिल्डने ‘क्लॉडिन’ (१९७४) ग्लॅडिस नाइटसाठी, ‘लेट्स डू इट अगेन’ (१९७५) स्टेपल सिंगर्ससाठी आणि ‘स्पार्कल’ (१९७६) अरिथा फ्रँकलिनसाठी अशी चित्रपटांची गाणी रचली. डिस्कोच्या लाटेत त्याचे नाव मागे पडले. १९८०च्या सुमारास शिकागो सोडून तो अटलांटाकडे गेला.

१३ ऑगस्ट १९९० रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे खुल्या मैदानावर कार्यक्रम होता. मेफिल्ड मंचावर येत असतानाच वाऱ्याच्या झोताने दिव्यांचा सांगाडा कोसळून त्याच्यावर पडला. मानेखालचे शरीर कायमचे लुळे झाले. गिटार हातातून गेली आणि तिच्याबरोबर काळ्या पट्ट्यांत जुळवलेल्या तारांचा तो सूरही गेला.

तरीही १९९६ मध्ये ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ ही त्याची ध्वनिमुद्रिका आली. फुप्फुसांत पुरेसा श्वास भरावा म्हणून तो पाठीवर आडवा पडून गायला, तोही एकेक ओळ. एक ओळ ध्वनिमुद्रित करायची, थांबायचे, श्वास जमवायचा, मग पुढची. त्या ओळी नंतर सांधण्यात आल्या. अरिथा फ्रँकलिन आणि मेविस स्टेपल्स सोबतीला गायल्या. १९९८ मध्ये मधुमेहामुळे पाय कापावा लागला आणि २६ डिसेंबर १९९९ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, जॉर्जिया राज्यातील रॉसवेल येथे त्याचे निधन झाले.

जतन करण्याजोगा राष्ट्रीय ठेवा म्हणून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ‘सुपर फ्लाय’ची ध्वनिमुद्रिका २०१८ च्या यादीत घेतली. चित्रपटाचे नाव तिथल्या चित्रपटांच्या यादीत आले ते २०२२ मध्ये.