बाळू पालवणकर ह्यांचे चरित्र

क्रिकेटच्या खेळात अस्पृश्य मानलेल्या जातींकरिता ज्यांनी प्रथम वाट पाडली, त्या बाळू पालवणकरांचे चरित्र चंद्रपूर व गडचिरोलीच्या रानांतील आमच्या मंडळ्यांपुढे ठेवणे आम्हांस योग्य वाटते.

त्यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे चांभार कुळात झाला. पुण्यास गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यात ते अल्प पगारावर मैदान झाडीत, रोलर ओढीत व साहेबांस सरावाकरिता चेंडू टाकीत. असे करता करता त्यांच्या डाव्या हातास इतके कसब प्राप्त झाले की, ग्रेगसाहेबांसारखे नामांकित फलंदाजही त्यांच्यापुढे अडखळू लागले.

पुढे पुण्याच्या हिंदू संघास त्यांची गरज भासली. मैदानात उच्चवर्णीय गडी त्यांनी टाकलेला चेंडू हाती घेत. सुटीत मात्र त्यांस चहा बाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यात मिळे. हे सोसूनही त्यांनी आपले काम सोडले नाही. १९०६ साली मुंबईस हिंदू संघाने युरोपियनांस १०९ धावांनी जिंकले, त्यात त्यांचे ८ बळी होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या संघाबरोबर ते विलायतेस गेले व तेथे त्यांनी ११४ बळी घेतले.

तथापि कर्णधारपद त्यांस कधी दिले गेले नाही. १९२० साली शिवराम व विठ्ठल ह्या त्यांच्या बंधूंनी ह्या भेदास्तव खेळण्याचे नाकारले. तेव्हा बाळूंस उपकर्णधार नेमण्यात आले, आणि १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. १९५५ साली बाळू मुंबईस निवर्तले.

ते ख्रिस्ती नव्हते. तरी त्यांचे चरित्र आपल्याच मंडळ्यांस प्रश्न विचारते. त्या मातीच्या भांड्याबद्दल इतरांस दोष देणे सोपे आहे. परंतु प्रभूने शोमरोनी स्त्रीपाशी विहिरीवर पाणी मागितले, हे शिकविणारे आपण प्रभुभोजनानंतर घरी जाऊन पूर्वीच्या जाती आठवितो की काय? सोयरीक जुळविताना, पंगत मांडताना, पंच निवडताना आपण कोणास बाहेर बसवितो? उपदेशक बंधूंनी हे चरित्र मंडळीत वाचून दाखवावे, आणि प्रत्येकाने आपल्या घरातील भांडी तपासावी.