वकील बाबा आमटे पस्तिशीत पुन्हा विद्यार्थी झाले, तेही कलकत्त्याच्या कुष्ठरोगाच्या वर्गात

गोष्ट आहे १९४९ ची. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचं शिक्षण दिलं जायचं. शिकायला येणारे डॉक्टर असायचे. त्या वर्षी मात्र त्यांच्यात एक असा विद्यार्थी बसला होता ज्याच्याकडे डॉक्टरकीची पदवी नव्हती. तो होता वकील. त्याच्या प्रवेशासाठी खास परवानगी काढावी लागली होती. वय पस्तिशीला टेकलेलं, घरी बायको आणि दोन लहान मुलं. गाव वरोरा, तेव्हाचा चांदा आणि आताचा चंद्रपूर जिल्हा.

नाव मुरलीधर देविदास आमटे. लोक त्यांना बाबा म्हणायचे, पण साधू-संत म्हणून नव्हे. ते घरातलं लहानपणापासूनचं लाडाचं नाव होतं.

बाबांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा. घर जमीनदाराचं, वडील सरकारी नोकरीत. चौदाव्या वर्षी हातात स्वतःची बंदूक आली आणि पोरगा जंगलात शिकारीला जाऊ लागला. पुढे स्पोर्ट्स कार आली, तिच्या सीटवर बिबट्याचं कातडं. इंग्रजी सिनेमाचं वेड इतकं की परदेशी मासिकात परीक्षणं लिहायचे. हॉलिवूडच्या ग्रेटा गार्बो आणि नॉर्मा शिअरर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता.

मनातून त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. वडिलांनी वकिली सांगितली. त्या काळी वडिलांनी सांगितलं की विषय संपला. १९३६ मध्ये नागपूरहून एलएलबी झाले आणि काही वर्षांनी वरोऱ्यात वकिली सुरू केली.

वकिली जोरात चालली, आणि तिथेच पहिला खडा दाताखाली आला. कोर्टात पंधरा मिनिटं बोलायचे पन्नास रुपये मिळत. त्याच गावात मजूर बारा तास राबला तरी त्याच्या हातावर एक रुपयासुद्धा पडत नसे. एका माणसाच्या पाव तासाची आणि दुसऱ्याच्या अख्ख्या दिवसाची किंमत अशी ठरत असेल, तर आपला वेळ नेमका कशात घालवायचा? पुढचं सगळं आयुष्य या हिशेबाने फिरलं म्हटलं तरी चालेल. अर्थात, तो हिशेब एका दिवसात सुटला नाही.

आधी राजकारण झालं. १९४२ च्या चले जाव आंदोलनात तुरुंगात गेलेल्या कार्यकर्त्यांची बाजू मांडायला त्यांनी वकील उभे केले. सेवाग्राम जवळच, त्यामुळे गांधींचा प्रभाव होताच. १९४६ च्या डिसेंबरमध्ये इंदू घुले यांच्याशी लग्न झालं. याच साधनाताई. वरोऱ्याजवळ सगळ्या जातींच्या लोकांनी एकत्र राहून कष्ट करायचे म्हणून श्रमाश्रम काढला. आणि बाबा वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्षही झाले.

गावच्या राजकारणात वर चढायचा हा सरळ जिना होता. पण नगरपालिकेच्या सफाई कामगारांनी संप केला. तेव्हा मैला डोक्यावरून वाहून न्यावा लागे. पगारवाढ मागणाऱ्या कामगारांचं म्हणणं असं की हे काम करून बघा, मग बोला. बाबांनी खरंच टोपली उचलली. एखाद दिवस फोटोपुरती नव्हे, नऊ महिने. ब्राह्मण वकील, वर उपाध्यक्ष, आणि डोक्यावर मैल्याची टोपली. १९४० च्या दशकातल्या वरोऱ्यात याचा अर्थ काय होत असेल, याची कल्पना केलेली बरी.

याच कामात एका पावसाळी दिवशी त्यांना रस्त्याच्या कडेला चिंध्यांच्या गाठोड्यासारखं काहीतरी दिसलं. जवळ गेले तर ते हललं. तो तुळशीराम होता. कुष्ठरोगाची शेवटची अवस्था, हातापायाची बोटं झडलेली, जखमांत किडे. आणि बंदूक घेऊन जंगलात फिरलेले बाबा आमटे घाबरून घरी पळाले.

नंतर लाज वाटली म्हणून परतले, त्याच्यावर आडोसा उभारला, त्याला खाऊपिऊ घातलं. तुळशीराम वाचला नाही. पण आपण पळालो ही गोष्ट बाबांना कित्येक महिने झोपू देईना. दयेपोटी कुष्ठसेवेत आले असं त्यांच्याबद्दल सर्रास सांगितलं जातं. खरं तर ते आले स्वतःच्या भीतीपायी. ती भीती मोडायची तर रोग समजून घ्यायला हवा होता. म्हणून आधी वर्ध्याजवळच्या दत्तपूरला मनोहर दिवाणांचं कुष्ठधाम पाहिलं, आणि मग थेट कलकत्ता गाठलं.

आता कुष्ठरोगाचं तेव्हाचं शास्त्र थोडक्यात बघू. नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ मध्येच या रोगाचा जंतू शोधला होता. म्हणजे हा पूर्वजन्मीच्या पापाचा भोग नाही, हे विज्ञानाला पाऊणशे वर्षं ठाऊक होतं. औषध मात्र नव्हतं. चौलमुग्राच्या तेलाची वेदनादायक इंजेक्शनं द्यायची, गुण येईल याची खात्री नाही. १९४१ मध्ये अमेरिकेत कार्व्हिल इथे प्रोमिन या सल्फोन औषधाचा उपयोग दिसला आणि चाळीसच्या दशकाच्या शेवटी डॅप्सोन वापरात येऊ लागलं. म्हणजे बाबा वर्गात बसले तेव्हा रोग बरा होण्याची सुरुवात नुकतीच झाली होती.

एक अडचण होतीच. हा जंतू प्रयोगशाळेतल्या कृत्रिम माध्यमात वाढतच नाही, आजही नाही. वाढला नाही तर त्याच्यावर प्रयोग कसे करणार? तेव्हा बाबांनी स्वतःचं शरीर पुढे केलं. त्यांना जंतू टोचले गेले, पण रोग काही झाला नाही. बहुतेक माणसांत या जंतूविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ती असते, तशी ती त्यांच्यातही होती. प्रयोग फसला खरा, पण तुळशीरामला पाहून पळालेल्या माणसाने तोच जंतू अंगात घेतला होता.

वरोऱ्याला परतल्यावर आसपासच्या खेड्यांत उपचार सुरू झाले. महारोगी सेवा समिती स्थापन झाली. १९५१ मध्ये सरकारने दिलेल्या पन्नास एकर खडकाळ माळावर आनंदवन उभं राहिलं. भांडवल काय? सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये. सोबत साधनाताई, विकास आणि प्रकाश. विंचू-साप घरचेच असल्यासारखे, आणि पाण्यासाठी खडक फोडून विहीर खणायची.

बाबांचं वेगळेपण इथे दिसतं. औषधाने जंतू मरत होता. पण बरा झालेला माणूस पुन्हा देवळाबाहेर वाडगं घेऊन बसायचा, कारण घर दार उघडत नव्हतं आणि काम कुणी देत नव्हतं. त्याला भीक घातली की आणखी एक ओझं त्याच्यावर पडायचं, देणाऱ्यापुढे जन्मभर हात जोडायचं. म्हणून आनंदवनात हातात कुदळ दिली. बोटं नसतील तर अवजार हाताला बांधायचं. दिवस शेतात, बांधकामावर, मागावर.

पण पिकवलेली भाजी वरोऱ्यात कोण घेणार? लोक हात लावेनात. पन्नासच्या दशकात परदेशी स्वयंसेवकांची तुकडी आनंदवनात राहून बांधकामाला राबली. ही गोरी माणसं तिथलंच अन्न खातात, हे गावाने पाहिलं आणि मग भाजीचा बाजार खुला झाला. साहेबाने खाल्लं की चालतं, हा आपल्याकडचा जुनाच रोग, त्यावर सल्फोन नाही.

साठच्या दशकात याच कुष्ठमुक्त माणसांनी आनंदनिकेतन कॉलेज बांधलं. त्यांच्या आवारात शिकायला कोण आलं? ज्या गावांनी त्यांना हाकललं होतं, त्या गावांची निरोगी पोरं. उपकाराची दिशाच उलटली. १९६७ मध्ये मूलजवळच्या जंगलात सोमनाथ प्रकल्प आला आणि तिथे तरुणांच्या श्रमसंस्कार छावण्या भरू लागल्या.

पुढे सत्तरच्या सुमारास दोन्ही मुलं डॉक्टरकीच्या उंबरठ्यावर असताना बाबा त्यांना भामरागडला सहलीला घेऊन गेले. माडिया लोक परक्यांना पाहून जंगलात पळत होते. नागपूरला सर्जरीचं पुढचं शिक्षण घेत असलेल्या प्रकाश यांनी ते सोडलं, आणि २३ डिसेंबर १९७३ ला हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. रस्ता नाही, वीज नाही, दवाखाना झाडाखाली. हा भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होता, गडचिरोली जिल्हा झाला तो १९८२ मध्ये.

मग राजकारण सुटलं का? पक्षाचं सुटलं, भांडण सुटलं नाही. गोदावरीवरचं इंचमपल्ली आणि इंद्रावतीवरचं भोपालपट्टनम ही धरणं झाली असती तर माडियांची गावं आणि जंगल पाण्याखाली गेलं असतं. ऐंशीच्या दशकात बाबांनी त्याविरुद्ध लोक उभे केले.

पाठीचा कणा तोवर इतका झिजला होता की त्यांना बसता येत नव्हतं. दिवसाचे दोनच भाग, उभं राहणं आणि आडवं होणं. त्याच अवस्थेत गाडीत पडून १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. पंजाब धुमसत होता, दिल्लीतली शीखविरोधी दंगल ताजी होती. सोबत सायकलवर शंभराहून जास्त तरुण, आणि झेंडा कुठल्याच पक्षाचा नाही. हे पहिलं भारत जोडो.

१९९० मध्ये आनंदवन सोडून ते नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले, सरदार सरोवराच्या विस्थापितांसोबत. ज्या सरकारने १९७१ मध्ये पद्मश्री आणि १९८६ मध्ये पद्मविभूषण दिलं, त्याच सरकारला १९९१ मध्ये दोन्ही परत केले. त्यांच्या या भूमिकेवर धरणाच्या बाजूचे लोक चिडले. आनंदवनातल्या कामाला हात जोडणाऱ्या अनेकांनाही ती रुचली नाही. बाबांनी पुरस्काराची परतफेड गप्प राहून करायची नाही, हे ठरवलं होतं.

वडिलांनी डॉक्टर होऊ न दिलेल्या या माणसाची दोन्ही मुलं आणि दोन्ही सुना डॉक्टर झाल्या. ९ फेब्रुवारी २००८ ला आनंदवनात बाबांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे लाकडं जाळली नाहीत. एकेकाळी खडकाळ असलेल्या त्याच जमिनीत त्यांना पुरण्यात आलं.